इंदूरहून मॉरिशस: ऊन कुठल्या बाजूला, ते आधी ठरवा

आमच्या फ्रिजवर सध्या चौकटींचा एक कागद चिकटवलाय. धाकटीने स्वतः आखलेला. रोज शाळेला निघताना ती एक चौकट खोडते. शेवटच्या चौकटीत तिने नारळाचं झाड, हसणारा सूर्य आणि धूर सोडणारा डोंगर काढलाय. भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी आम्ही मॉरिशसला निघणार. तिथल्या डोंगरातून धूर निघत नाही, हे तिला अजून सांगायचंय.

मागच्या वेळी आम्ही दोघंच गेलो होतो, जुलैत, फारसा विचार न करता. या वेळी आई, आत्या आणि दोन मुली बरोबर आहेत, म्हणून मी वहीच घातली. लोकमान्यनगरातल्या दोन मैत्रिणींनी ती वही मागितली, तेव्हा म्हटलं, नीटच लिहून काढावं.

पहिली पायरी: बेट कशाचं आहे ते बघा

ही पायरी इंदुरातच, एका रविवारी उरकते. पोहे-जलेबी खाऊन पाताळपाणीला जा. धबधब्यासमोरच्या कठड्यापाशी उभं राहून पाण्याकडे नाही, कड्याकडे बघा. काळा दगड थरावर थर रचल्यासारखा दिसेल. तो बसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुटा दगड हातात घेतला तर त्यात बारीक भोकं दिसतात. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. पावसाळ्यात तिथे पाणी अचानक वाढतं, तेव्हा खाली उतरायचं नाही. बघायचं ते वरूनच दिसतं.

हा दगड आणि मॉरिशसचा दगड एकाच चुलीवरचे. पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तप्त ठिकाण आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्याच्या डोक्यावरून सरकत होता, तेव्हा तिथून इतका लाव्हा बाहेर आला की दख्खन आणि आपला माळवा त्याखाली गेला. आपली काळी माती त्याच दगडाची झीज. पुढे चूल जवळजवळ जागेवरच राहिली आणि वरचा तवा सरकत गेला. त्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव यांचे तळखडे तयार झाले, आणि ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. आज ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली पेटती आहे. तिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओततो. मॉरिशसचे मात्र कधीच विझले. त्यांची विवरं आता झाडांनी भरलेली आहेत.

पेटता ज्वालामुखीच बघायचा असेल तर रियुनियन वेगळं योजावं लागतं. ते फ्रान्सचं आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, नाही. त्यामुळे त्याची कागदपत्रं वेगळी विचारून घ्या. आम्ही त्या फंदात पडलेलो नाही.

पाताळपाणीची फेरी एवढी आवर्जून का सांगते? मागच्या वेळी विमानतळावरून टॅक्सीने निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग. मला वाटलं, बांधकामाचं सामान पडलंय. ड्रायव्हरने सांगितलं, शेत मोकळं करताना मजुरांनी हातांनी उचलून रचलेले दगड आहेत हे. गाडी थांबवून जवळ गेले, तर तीच भोकं. तोवर मी निळ्या पाण्याच्या नादात होते. मुलींनी ते भोकांचे दगड आधी घरी ओळखलेले असावेत, एवढंच मला हवंय.

दुसरी पायरी: बाजू निवडा

माझ्या मते सगळ्या तयारीत हीच पायरी मोठी, आणि आपण नेमकी हीच हॉटेलच्या फोटोंवर सोडतो.

बेट केवढं? जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. लांबी म्हणजे इंदूर-उज्जैनपेक्षा थोडी जास्त, आणि क्षेत्रफळ इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढ्याशा जागेत हवा दर वीस किलोमीटरला बदलते, कारण मध्ये पठार आहे आणि वर्षातला बराच काळ वारा आग्नेयेकडून येतो. तो आधी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आपटतो, मग पठारावर चढतो. चढताना गार होतो आणि तिथेच बरसतो. पलीकडे उतरेपर्यंत कोरडा झालेला असतो. म्हणून पश्चिमेला आणि उत्तरेला ऊन जास्त. कोकणात धो धो आणि घाटापलीकडे कोरडं, तीच गोष्ट छोट्या आकारात.

आम्ही जुलैत पूर्व किनाऱ्यावर बेल मारला राहिलो होतो. वाळू पिठीसारखी, पाणी काचेसारखं, आणि वारा असा की पहिल्याच दिवशी अहोंची टोपी समुद्रात गेली. चार दिवस अंगावर शाल घेऊन समुद्र बघितला. पाचव्या दिवशी पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला गेलो तर लोक निवांत उन्हात पडलेले. दीड तासाचा रस्ता, आणि जणू दुसरा देश.

तर हिशेब असा. मे ते सप्टेंबर जाणार असाल तर पश्चिम किंवा उत्तर धरा: फ्लिक-आं-फ्लाक, ताम्हणासारखं शांत पाणी असलेलं त्रू-ओ-बिश, नाहीतर दुकानं-हॉटेलांची गजबज हवी असेल तर ग्रां बे. ऑक्टोबरनंतर वारा मवाळतो आणि पूर्वेची वारा लागणारी बाजू उलट सुखाची वाटते. मधलं क्यूरपीप गाव साधारण इंदूरइतक्याच उंचीवर आहे आणि तिथे किनाऱ्यापेक्षा बरंच गार असतं. तिथलं धुकं बघून मला पावसाळ्यातलं मांडू आठवलं. किनाऱ्यावर ऊन आहे म्हणून छत्री खोलीवर ठेवून वर गेलात तर भिजून परताल.

तिसरी पायरी: महिना

ते विषुववृत्ताच्या खाली, म्हणून ऋतू उलटे. आपली मे-जूनची सुट्टी म्हणजे त्यांच्या हिवाळ्याची सुरुवात. हिवाळा म्हटला तरी किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश असतं. खरी अडचण दिवस लहान असण्याची. जूनमध्ये पावणेसहालाच सूर्य बुडतो, म्हणजे दुपारी झोप काढली की दिवस संपला. जानेवारी ते मार्च कडक उन्हाळा, पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ. वादळाचे इशारे एक ते चार अशा श्रेणींत देतात, आणि तिसरी श्रेणी लागली की दुकानं, बस सगळं बंद. स्वस्त पॅकेज नेमकी याच महिन्यांची असतात. घ्यायचीच असतील तर रद्द होण्याचा खर्च देणारा विमा घ्या.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात बरा: कोरडा, ना फार गार, ना फार गरम. आमची भाऊबीज म्हणूनच. शाळेची सुट्टी अपुरी पडतेय, चार दिवसांचा अर्ज द्यावा लागेल, तो देऊ.

चौथी पायरी: कागद

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चाला पैसे आहेत हे दाखवता आलं पाहिजे. पासपोर्ट परतल्यानंतरही सहा महिने चालेल असा असू द्या. त्यांच्या सरकारचा एक ऑनलाइन फॉर्म निघण्यापूर्वी भरायचा असतो आणि तो फुकट आहे. शोधायला गेलं की पैसे मागणाऱ्या नकली साइट आधी दिसतात, तिथे फसू नका.

आता आपल्या मराठी नावांची भानगड. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टात मधलं नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच जातं. मागच्या वेळी आमच्या एजंटाने तिकिटावर ते गाळलं आणि आडनावाचं स्पेलिंगही आपल्या मनाने केलं. एअरलाइनकडून दुरुस्त करून घेण्यात तीन दिवस आणि माझं रक्तदाब मोजण्याचं यंत्र, दोन्ही कामाला लागले. आत्याच्या पासपोर्टवर तर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. देशातल्या विमानाला आधार दाखवतात, पुढे पासपोर्ट. तेव्हा सगळीकडे पासपोर्टच दाखवायचा आणि दोन्ही तिकिटं अक्षरन् अक्षर पासपोर्टासारखी काढायची.

पाचवी पायरी: त्यांचा रुपया

त्यांच्या चलनालाही रुपयाच म्हणतात आणि नोटेवर देवनागरीही दिसते. इथेच डोकं फसतं. पाटीवर साडेचारशे लिहिलेलं दिसलं की मन म्हणतं, आपल्या छप्पन दुकानांत खायला बसलो तरी एवढे होतात. पण त्यांचा एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात असतो. मी पहिले दोन दिवस 'स्वस्त आहे हो' म्हणत हिंडले. तिसऱ्या दिवशी कार्डाचा मेसेज बघून गप्प झाले. उपाय सोपा आहे: किंमत वाचताना मनात थेट दुप्पट करा. थोडी चूक होईल, पण ती आपल्या बाजूने.

फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे चालू झालंय, तरी सगळीकडे चालेल असं धरू नका. एक फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोख हवीच. रस्त्यावरचा खाऊ रोखीनेच मिळतो, आणि तो सोडायचा नाही, त्याबद्दल पुढे. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. त्याची पावती जपा, रिटर्न भरताना तो वळता होतो.

सहावी पायरी: मुंबई पार करणं

मॉरिशसचं सरळ विमान मुंबईहून आहे, सहा-साडेसहा तासांचं. घड्याळ तिथे दीड तास मागे. इंदूर-मुंबई विमानाने जात असाल आणि दोन तिकिटं वेगळी काढलेली असतील, तर बॅगा मुंबईला स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्यात देशातलं विमान एका टर्मिनलवर उतरतं आणि परदेशी दुसऱ्यावरून सुटतं, असंही होतं. दोन्हींमध्ये गाडीने जायचं अंतर आहे, आणि ती मुंबई आहे. किमान पाच-सहा तास हाताशी ठेवा.

आम्ही या वेळी आदल्या संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस धरणार आहोत. पहाटे बोरिवलीला उतरायचं. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन पुन्हा मागे येण्यात अर्थ नाही. आत्याची नणंद बोरिवलीतच राहते, दुपार तिच्याकडे. विमान पहाटेचं असेल तर अर्थात एक दिवस आधी निघावं लागेल.

सातवी पायरी: पाण्याची तयारी

आपण माळव्यातली माणसं. समुद्र आपल्याला नुसता बघता येतो, त्यात उतरता येत नाही. म्हणून ही तयारी तीन महिने आधी सुरू करा. मोठी मुलगी आणि मी कॉलनीजवळच्या तलावात पोहायला जातोय. धाकटी घरीच बादलीत तोंड घालून स्नॉर्कलने श्वास घ्यायचा सराव करते. हसू येतं, पण खरंच उपयोगी आहे. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला तिला आठ दिवस लागले. पहिल्या दिवशी पाणी नाकात गेलं आणि बादली आत्याच्या पायावर. आता ती तोंडातली नळी न काढता 'पोळी वाढ' म्हणते.

बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतलं पाणी तलावासारखं शांत राहतं. पण प्रवाळाला गोडं पाणी चालत नाही. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे भिंतीला खिंड पडते आणि त्या खिंडीतून पाणी जोराने आत-बाहेर करतं. पश्चिमेचं तामारँ असंच आहे, तिथे लाटांवर फळ्या घेऊन खेळणारे जातात. दक्षिणेला ग्री-ग्री इथे तर भिंतच नाही. उभं राहून लाटा बघायला सुंदर, पण पाण्यात पाय घालायचा नाही. अनोळखी किनाऱ्यावर पोचलात की आधी लांबवर बघा. फेसाची पांढरी रेघ सलग असेल तर आत खुशाल डुंबा. रेघ मध्येच तुटली असेल तर त्या जागेपासून दूर राहा आणि कुठे पोहू देतात ते तिथल्या माणसाला विचारा.

पाण्यात अनवाणी उतरू नका. तळाशी समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे पायात मोडतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट इथूनच घेऊन जा. आईला ते पटत नव्हतं. 'नर्मदेत काय बूट घालून उतरते मी?' शेवटी दुकानात तिला निळे आवडले आणि प्रश्न मिटला.

आठवी पायरी: बॅग

तिथे ब्रिटिश पद्धतीचे तीन चपट्या पिनांचे आणि काही ठिकाणी दोन गोल पिनांचे सॉकेट असतात. आपला मोबाइलचा दोन पिनी चार्जर कुठे बसेल कुठे नाही, म्हणून अडॅप्टर घ्या. ऊन आपल्या वैशाखासारखं अंगावर येत नाही. वारा असतो ना, कळतच नाही. संध्याकाळी आरशात दिसतं. पूर्ण बाह्यांचा पोहायचा कपडा, टोपी आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, ते प्रवाळालाही त्यातल्या त्यात बरं. पठारासाठी एक स्वेटर आणि पातळ रेनकोट, डासांसाठी मलम.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात ठेवा. झोपेच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांबद्दल तिथे फार काटेकोर आहेत. ई-सिगारेट चालत नाही. ताजी फळं, बिया, रोपं यांना परवाना लागतो, तेव्हा आत्याने तुळशीच्या मंजिऱ्या काढून ठेवलेल्या बऱ्या. शेव मात्र कंपनीने सीलबंद केलेली, आणि जिरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आपल्या इंदुरी मसाल्याची, एक पुडी. ती का, ते लगेच सांगते.

नववी पायरी: तिथे गेल्यावर

किनाऱ्यांवर अननस सोलून, नागमोडी खाचा पाडून, काडीला धरून देतात, वर मीठ-मिरची. मी त्यावर जिरावन भुरभुरवलं. विकणाऱ्याने चाखून बघितलं आणि पुडीकडेच हात पुढे केला. इंदूरचं नाव तिथे मी तेवढं पोचवून आले, भिया.

शाकाहाऱ्यांची मुळीच उपासमार होत नाही. 'धोल पुरी' नावाची मऊ पोळी गाड्यांवर मिळते. उकडून वाटलेली डाळ आत भरलेली असते. पहिला घास घेतला की जीभ गुळाची वाट बघते आणि येतं जिरं. पुरणपोळीची तिखटाकडे गेलेली बहीणच. दोनची जोडी देतात, मध्ये घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि लोणचं. डाळीचे छोटे तिखट वडेही सकाळी पावात घालून मिळतात.

दिवस आखताना किनारा आणि पठार एका दिवसात कोंबू नका. पठाराचा एक दिवस सकाळी लवकर काढा, दुपारनंतर ढग भरतात. क्यूरपीपचं त्रू-ओ-सेर्फ हे विवर गाडीने काठापर्यंत जाऊन बघता येतं. आत खोल हिरवा वाडगा, तळाशी थोडंसं पाणी. धाकटीला धुराबद्दल तिथेच सांगेन. पुढे गंगा तलाव, तोही विवरातलाच. १९७२ साली त्यात गंगाजल आणून ओतलं आणि काठावर ३३ मीटर उंच शंकर उभा आहे. आईच्या यादीत हे पहिलं. तिथून शामारेल: रंगीत मातीच्या लाटा. बसाल्ट कुजून त्याची माती झाली, त्यातल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी लाल, तपकिरी, जांभळट पट्टे झाले. ऊन तिरपं असताना रंग खुलतात, भर दुपारी सगळं विटकरी दिसतं. जवळच काळ्या कड्यावरून पडणारा धबधबा आहे. तो बघून पाताळपाणी आठवलं नाही तर पहिली पायरी वाया गेली समजा.

नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटर उंच ल मोर्न. पळून आलेले गुलाम या कड्याच्या आश्रयाला राहत, म्हणून २००८ साली तो जागतिक वारसा झाला. राजधानी पोर्ट लुईत आप्रवासी घाट. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले, मजूर बेटावर येऊ लागले आणि पुढे इथल्या दगडी पायऱ्या चढून आत आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठीही होते. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरी आज क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. मागच्या वेळी घाटावर एका आजोबांनी आम्हाला मराठीत 'कुठून आलात?' विचारलं. इंदूर म्हटल्यावर म्हणाले, 'ते मुंबईच्या कुठल्या बाजूला?' त्यांच्या मराठीत दोनच वाक्यं होती बहुतेक, पण अहोंनी चष्मा पुसला. या घाटाला तास-दीड तास द्या. पॅकेजवाले वीस मिनिटं देतात आणि दुकानात नेतात.

बाकी, रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. बस स्वस्त आणि चांगली, पण संध्याकाळी लवकर आटपते. मेट्रो पोर्ट लुईहून क्यूरपीपपर्यंत जाते, किनाऱ्यांना नाही.

परतीचं सामान

प्रवाळ, शंख काही उचलून आणू नका, मनाई आहे. आईने तुळशी वृंदावनात ठेवायला 'तिथला एक दगड' मागितला होता. मी नाही म्हटलं आणि सहज सांगितलं, की तिथेही आपल्यासारखा पाटा-वरवंटा असतो, त्याच काळ्या दगडाचा. त्याला रॉस कारी म्हणतात, आणि वरच्या वरवंट्याला 'बाबा', त्यांच्या भाषेत बाळ.

आई भाजी निवडायची थांबली. 'मग बरोबरच आहे की. बारशाला आपण वरवंट्यालाच पाळण्यात घालतो.' थोड्या वेळाने विचारलं, 'विकत मिळतो का गं?'

बाजारात मिळतो. पाटा आणणं शक्य नाही, पण नुसता बाबा चेक-इन बॅगेत येईल. रात्री बघितलं तर तिच्या बॅगेतल्या चार साड्या परत कपाटात गेल्या होत्या.